घ्यावयाचे पीक: सोयाबीन

शालिग्रामभाऊ एकतीस वर्षं कृषी सहायक होते. मूळचे हिवरा आश्रमाकडचे. रिटायर झाल्यावर आमच्या कॉलनीत, माझ्या भिंतीला लागून घर बांधलं. या माणसाला माती दिसली की हात लावल्याशिवाय राहवत नाही. कोणाकडे चहाला गेले तरी आधी कुंडीत बोट खुपसतील. आम्ही हसायचो. आता आम्हाला हसायला तोंड नाही.

कॉलनीच्या मधोमध पालिकेचं बालोद्यान आहे. पूर्वी तिथं खत-औषधांचं एक खासगी गोदाम होतं. ते पाडलं तेव्हा मुदत संपलेल्या तणनाशकाचे डबे तिथंच खड्ड्यात लोटले, वरून मुरूम टाकला, घसरगुंडी बसवली आणि फीत कापली. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. मीसुद्धा नाही. बोलले ते भाऊ. घसरगुंडीभोवतीचा पट्टा भर पावसाळ्यात बोडखा राहिला होता आणि तिथं खेळणाऱ्या पोरांच्या पायांवर लाल चट्टे उठत होते.

"इथं गाजरगवतबी नाही उगवून राह्यलं," ते मला म्हणाले. "गाजरगवत! जे डांबर फोडून निंगते ते. अन् आपले लेकरं तिथं बसून माती खेळून राह्यले."

मग त्यांनी जन्मभर केलं तेच केलं. आठ ठिकाणी खड्डे घेतले, माती सावलीत वाळवली, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकले, पुन्हा तसंच, शेवटी अर्धा किलो पिशवीत भरली. फॉर्मपाशी गाडी अडली. सरकारी माती प्रयोगशाळेचा फॉर्म, तो शेतीचा. शेतकऱ्याचं नाव, गट क्रमांक, घ्यावयाचे पीक. पिकाचा रकाना मोकळा असला की नमुना परत येतो, हे त्यांना पक्कं ठाऊक. त्यांनी स्वतःच लोकांचे असे किती फॉर्म परत केलेले. भाऊंनी आपलं नाव घातलं आणि सवयीनं लिहून टाकलं, सोयाबीन. मागच्या बाजूला मात्र ठळक लिहिलं, 'तणनाशकाचा अंश तपासावा.' कागद कोणी उलटून पाहिला नाही.

अहवाल आला. सामू ठीक, सेंद्रिय कर्ब मध्यम, पालाश भरपूर, सोयाबीनला इतकं इतकं स्फुरद द्या. विषाला त्या कागदात रकानाच नव्हता. आणि आमचा हा सरळ माणूस, त्यानं तोच अहवाल उद्यान बंद करण्याच्या अर्जाला जोडला!

पालिकेतले बडे बाबू उत्तमराव खूश झाले. "भाऊ, तुमचाच कागद म्हणते माती बेस हाय, अन् बोंब बी तुमीच मारता?" त्यांनी अहवाल लॅमिनेट करून फाटकावर टांगला. वर 'उद्यानातील माती उत्तम', खाली भाऊंचं नाव. भाऊंनी त्यानंतर दोन महिने चपला झिजवल्या. विषाची तपासणी बाहेरच्या प्रयोगशाळेत होते, तिला पालिकेचा ठराव लागतो. ठरावाला कारण लागतं. कारण द्यायला जावं तर उत्तमराव फाटकाकडे बोट दाखवणार. माझं तर डोकं फिरायचं. भाऊ घरी येऊन जेवायचेही नाहीत.

नवरात्र आलं. घटाची माती दरवर्षी भाऊंच्या भावाच्या शेतातून यायची. यंदा भाऊंच्या बायकोचे, विमलवहिनींचे, गुडघे धरलेले, शेताकडे जाणं झालं नाही. त्यांनी उद्यानातून टोपलंभर आणली. खुद्द भाऊंच्या घरात ती माती गेली म्हटल्यावर कॉलनीतल्या बायकांनीही आणली. घट बसले, गहू पेरला.

चौथ्या-पाचव्या दिवशी कोंब हिरवे दिसायला हवेत. घरोघर काळी मातीच. घट उगवला नाही हे कोण सांगणार? ज्यानं-त्यानं वर फडकं टाकलं. समोरच्या गोकुळच्या घरी त्याच्या आईनं, सुभद्राबाईनं, नव्या सुनेला धारेवर धरलं. प्रेरणानं सोवळं पाळलं नाही म्हणे. पोरगी चार दिवस रडत होती आणि आम्हा शेजाऱ्यांच्या कानावर सगळं येत होतं.

दसऱ्याला बायका घट घेऊन विहिरीकडे निघाल्या. एरवी पुरुषांच्या टोपीत कोंबांचे तुरे असतात, यंदा टोप्या रिकाम्या. प्रेरणाचे सुजलेले डोळे पाहून विमलवहिनी उद्यानाच्या फाटकासमोरच थांबल्या आणि त्यांनी आपलं फडकं काढलं.

"माह्या घरचाबी नाही उगवला. तुह्या हातचा दोष नाही वं पोरी."

मग एकेक फडकं निघालं. चौदा घट, कोंब एकाचाही नाही. शेवटचं फडकं सुभद्राबाईचं होतं.

भाऊ फाटकाशीच उभे होते. "तू इथून माती काऊन आणली?" ते वहिनींवर ओरडले. "मी रोज घसा कोरडा करून राह्यलो ना?"

"तुमी रोजच बोलता," वहिनी म्हणाल्या. "फाटकावर तुमचं नाव वाचलं. मले वाटलं, तुमीच तपासून उत्तम म्हटलं."

भाऊ फाटकाकडे वळले आणि आपलं नाव वाचू लागले. त्यांच्याकडे बघवेना.

वहिनी विहिरीकडे गेल्या नाहीत. त्यांनी आपला घट फाटकासमोर ठेवला. बाकीच्यांनी शेजारी ठेवले. देवीचे घट कोण ओलांडणार? उत्तमरावांनी सफाईवाले पाठवले, ते हात जोडून परत गेले. पोरं आत जायची थांबली. जे भाऊंच्या अर्जांनी झालं नाही ते एका सकाळीत झालं.

आठवड्यानं पालिकेची पाटी लागली: 'धार्मिक कारणास्तव उद्यान तात्पुरते बंद.'

"जाऊ द्या भाऊ, बंद तर झालं," मी म्हणालो.

"कायचं बंद? एक पाऊस आला का घट वाहून जातीन. उद्या हेच फाटक उघडतीन." त्यांनी खिशातून ब्लेड काढलं आणि लॅमिनेट केलेल्या अहवालावरचं आपलं नाव खरवडायला घेतलं. प्लॅस्टिक जाड होतं. नाव काही निघेना. मी घरून कात्री घेऊन आलो.