जोडीदाराचा रिपोर्ट

मी हवालदार म्हणून रिटायर झाले. निमलष्करी दलाच्या महिला बटालियनमध्ये नोकरी केली, त्यातली शेवटची बरीच वर्षं पी.टी. उस्ताद म्हणून. उस्ताद म्हणजे कवायत घेणारा. बाई असली तरी उस्तादच म्हणतात. पण आज सांगणार आहे ते पोस्टिंग रिटायरमेंटनंतरचं. त्याची ऑर्डर निघाली नाही की प्रवासाचं रेल्वे वॉरंट मिळालं नाही. ठिकाण, सोलापूरजवळच्या कुंभारीच्या पलीकडचा माळ. वार रविवार. फॉलइन, म्हणजे रांगेत हजेरी, सकाळी साडेसहाला.

झालं असं की गुडघ्याच्या व्यायामासाठी मी सोलापुरातल्या एका दवाखान्यात जात होते. तिथली फिजिओथेरपीची डॉक्टर अफरीन, माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची. ती एके दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाली, "मावशी, तुम्ही पण फौजी ना? मग त्या बाकावरच्या दादांशी बोला की जरा. मला नुसतं 'ठीक आहे मॅडम' म्हणतात. सहा महिने झाले, ठीकच आहेत!"

बाकावर नायक मल्लिनाथ बिराजदार बसला होता. अक्कलकोटकडचा. सुरुंगाच्या स्फोटात डावा पाय गुडघ्याखाली गेलेला. नवा पाय मिळाला होता, तो त्यानं काढून भिंतीला टेकवून ठेवला होता. जणू दुसऱ्याच कुणाचा तरी.

मी समोर जाऊन उभी राहिले. "रँक, नाव?"

एका पायावर उठलाच की तो, बाकाला धरून! रँक सांगितली, नाव सांगितलं.

"बस. मी पी.टी. उस्ताद होते. काय पाहिजे तुला? खरं सांग."

"दशरथच्या गावाला जायचंय."

लान्स नायक दशरथ माने, माळशिरस तालुक्यातला, वेळापूरच्या पुढच्या एका वस्तीवरचा. मल्लिनाथचा जोडीदार. फौजेत जोडी असते. पोस्टवर एक झोपला की दुसरा जागा. एकाच्या बाटलीतलं पाणी संपलं की दुसऱ्याची बाटली पुढं येते. सुरुंग फुटला तेव्हा दोघं एकाच गाडीत होते. मल्लिनाथचा पाय गेला, दशरथ गेला. वस्तीमागच्या टेकाडावर गावानं दशरथच्या नावाचा दगड उभा केला होता. दरवर्षी स्मृतिदिनाला त्याची आई मल्लिनाथला फोन करायची, आणि दरवर्षी हा काहीतरी कारण सांगायचा.

"कुबड्या घिऊन न्हाय जायचं," तो म्हणाला. "खुर्चीत बसून बी न्हाय. टेकाड चढून, उभं राहून सॅल्यूट करायचाय. तेवढं जमवा उस्ताद. मग हा पाय माळ्यावर टाकला तरी चालंल."

स्मृतिदिन थंडीच्या शेवटाला होता. आम्ही हे बोललो तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती.

अफरीनचा बेत कधीपासून तयार होता, फक्त हुकूम सोडणारं माणूस नव्हतं. तिचं म्हणणं, फरशीवर दोन दांड्यांमधून चाललेला माणूस फरशीवरच चालतो. घराबाहेर मुरूम आहे, चढ आहे, गवतात लपलेले दगड आहेत. पायाला ते कळायला पाहिजे. म्हणून माळ. हळूहळू आम्ही आठ-नऊ जण जमलो. कुणाची कंबर, कुणाचा खांदा, कुणाचा पाय. सगळे माजी सैनिक.

आमच्यात सुभेदार जाधव साहेब होते. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवा हात लुळा, उजवा पाय ओढत चालायचे, आणि बोलणं गेलेलं. म्हणजे चहा मागता यायचा नाही, बायकोचं नाव घेता यायचं नाही, पण परेडचे हुकूम मात्र शाबूत. "थम!" म्हणाले की माळावरची शेळी थांबावी. आणि दोन-चार शिव्या, त्याही एकदम स्पष्ट. अफरीन म्हणाली, असं होतं, तोंडात मुरलेले शब्द उरतात. जाधव वहिनी पदराआडून हसून म्हणाल्या, "मुरलेलंच ऐकतेय की मी एवढी वर्षं."

रविवारचा क्रम ठरलेला. आधी सपाटीवर चाल. मग उतार, आडवं चालून. मग एका पायावर तोल. तोल साधायला अफरीननं युक्ती काढली होती. ती प्रत्येकाच्या हातात पक्षी बघायला दुर्बीण द्यायची. दुर्बीण धरायला दोन्ही हात लागतात, म्हणजे काठी सोडावी लागते. नुसतं काठी सोड म्हटलं की माणूस घाबरतो. चंडोल बघ म्हटलं की सोडतो, आणि सोडलीय हे त्याला मागाहून कळतं. जाधव साहेबांची दुर्बीण तिनं उजव्या हाताला पट्टीनं बांधली होती, डाव्यानं उचलून धरायची.

आमच्या माळावर धाविक नावाचा पक्षी आहे. तांबूस अंग, लांब पांढरे पाय. तुरुतुरु पळतो, मध्येच थांबतो, पुन्हा पळतो. मल्लिनाथ पहिल्यांदा खळखळून हसला तो त्याला बघून. "आयला उस्ताद, हा बी आपल्या पार्टीतलाच दिसतोय!"

चाल झाली की बांधावर बसून कडक भाकरी, शेंगाचटणी. पुढं ज्वारी निसवली तेव्हा हुरडा. आगटीभोवती बसून गरम कणसं चोळताना जाधव साहेबांची लुळी बोटं हलायला लागली. अफरीननं मला डोळ्यानं खुणावलं, आणि आम्ही दोघींनी त्यांना फक्त आणखी कणसं दिली.

चाल संपली की मी रिपोर्ट घ्यायचे. कुठं दुखतंय, किती दुखतंय. आणि फौजी माणूस काय सांगणार? "ठीक." पहिला ठीक, दुसरा ठीक, सगळी लाइन ठीक. आमच्या हाडातच ते आहे. दुखतं म्हणालं की ड्यूटी दुसऱ्यावर पडते, म्हणून म्हणायचं नाही.

एका रविवारी मल्लिनाथ "ठीक" म्हणाला आणि पाय काढताना त्याचा मोजा लाल निघाला. तुटलेल्या पायाच्या टोकावर जखम झाली होती. आजची नव्हे, आधीच्या आठवड्याची. त्यानं ती फडकं गुंडाळून झाकली होती.

अफरीनचा आवाज चढला. "दादा, ही जखम बिघडली तर गुडघा जाईल! पाय बंद. मी सांगेपर्यंत घालायचा नाही."

"स्मृतिदिन हाय मॅडम."

"मला माहीत आहे. म्हणूनच सांगतेय."

मल्लिनाथनं मान खाली घातली. "साकु," एवढंच म्हणाला. त्याच्या कानडीत, पुरे.

घरी येऊन मी विचार केला. ही माणसं स्वतःचं दुखणं सांगणार नाहीत. पण जोडीदाराचं कुणी कधी लपवलंय का? त्याच्यासाठी तर रात्री-अपरात्री डॉक्टरला उठवून आणतात. पुढच्या रविवारी मी हुकूम सोडला. "आजपासून स्वतःचा रिपोर्ट बंद. प्रत्येकानं जोडीदाराचा द्यायचा. दिवसभर त्याच्यावर नजर ठेवायची. चुकला तर दोघांना फटीग, जादा काम."

जोड्या पाडल्या. मल्लिनाथ आणि जाधव साहेब. मल्लिनाथ तेव्हा कुबड्यांवर होता, जखम भरत होती. तो जागचा हलला नाही.

"मला जोडीदार हाय, उस्ताद."

"माहीत आहे मला."

"न्हाय माहीत." त्याचा आवाज बारीक झाला. "आमी दोघं रस्त्याकडंला पडलो हुतो. मी त्याला इचारलं, दशऱ्या, कुटं दुखतंय? त्यानं सांगितलंच न्हाय. माझ्याकडं बघत हुता नुसता. त्याचा रिपोर्ट ऱ्हायला. आन तुमी म्हनताय दुसरा घे."

माझ्या नोकरीत मीही माणसं गमावलीत, पण असल्या वेळी शब्द कुठून आणायचे ते कुणी शिकवत नाही. तेवढ्यात जाधव साहेब पाय ओढत आले. मल्लिनाथच्या शेजारी उभे राहिले, खांद्याला खांदा लावून, आणि समोर बघत म्हणाले, "सज जा." ओळीत सरळ उभा राहा, असा तो हुकूम. मल्लिनाथनं डोळे पुसले आणि कुबडी सरळ केली. सुभेदारांचा हुकूम होता, काय करणार?

जखम भरली. अफरीननं पाय परत दिला, आधी थोडा वेळ, मग जास्त. जोडीचे रिपोर्ट भलते चोख यायला लागले. "साहेबांनी आज पानी पिलेलं न्हाय." "साहेब उजवं पाऊल उचलत न्हाईत, ओढत्यात." आणि जाधव साहेब मल्लिनाथकडे बोट दाखवून एकच शब्द म्हणायचे, "झूट!" म्हणजे हा आज चेहऱ्यावर दाखवत नाही, पण दुखतंय. एकदाही चुकले नाहीत.

स्मृतिदिनाला आम्ही जीप करून निघालो, वहिनीही बरोबर. वस्तीवर पोचलो तेव्हा नऊ वाजले होते. टेकाड फार उंच नव्हतं, पण वाट सुट्या मुरमाची, आणि सगळं गाव दोन्ही बाजूंना उभं. दशरथची आई पुढं आली. बारीक अंगाची म्हातारी. मल्लिनाथच्या तोंडावरून हात फिरवला. "आलास व्हय रं? किती वाट बघायला लावलीस."

"आलो, आये."

चढायला सुरुवात केली. पुढं मल्लिनाथ, बरोबर जाधव साहेब, मागं मी आणि अफरीन. मल्लिनाथच्या हातात काठी नव्हती. ताठ चालला होता. अर्धी वाट झाली. दगड दिसायला लागला. लोक टाळ्या वाजवायला लागले, पोरं ओरडायला लागली.

"थम!"

अख्खं टेकाड थांबलं. टाळ्यासुद्धा.

जाधव साहेब मल्लिनाथच्या डाव्या पायाकडे बोट दाखवत होते.

"ठीक हाय साहेब," मल्लिनाथ दातांवर दात धरून म्हणाला. "आता राहिलंच किती? चला."

"झूट!"

अफरीन खाली वाकली. "साहेबांचं बरोबर आहे दादा. चालून चालून तुमचा पाय आतून बारीक झालाय, सॉकेट, ही नव्या पायाची वाटी, सैल पडलंय. घासतंय. आणखी एक मोजा चढवला की बसेल. पण पाय काढावा लागेल."

"हितं?" मल्लिनाथनं दोन्हीकडच्या गर्दीकडे बघितलं. आजवर घरच्यांसमोरही तो पाय काढत नव्हता. "लोकांच्या म्होरं? न्हाय."

जाधव साहेब मुरमातच बसले. डाव्या हातानं उजवा पाय सरळ केला, आणि शेजारची जागा थोपटली. जोडीदार बसलाय म्हटल्यावर दुसरा उभा कसा राहणार? मल्लिनाथ बसला. पँट वर केली. पाय काढला.

दशरथची आई पुढं झाली आणि त्याच्याजवळ बसली. "आन हिकडं." तिनं तो पाय मांडीवर घेतला, आणि अफरीन मोजा चढवेपर्यंत पदरानं त्याच्यावरची माती पुसत राहिली. बुटाची सुटलेली नाडीसुद्धा बांधली. "दशऱ्याची बी सुटायचीच," म्हणाली. "जोडी कसली, दोगं बी येकाच घाण्याचं."

मल्लिनाथ हसला आणि रडला, दोन्ही एकदम.

मग उठला तो असा उठला की मला माझ्या पासिंग आउट परेडची आठवण झाली. उरलेली वाट त्यानं एका दमात नाही, पण एका लयीत चढली. टाच, चवडा, टाच, चवडा, अफरीननं शिकवलेलं तसं. दगडासमोर उभा राहिला. कुणाला धरलं नाही. सॅल्यूट केला. शेजारी जाधव साहेबांनी केला. उजवा हात छातीपर्यंतच गेला, पण झटका बसल्यापासून तिथवर तो पहिल्यांदाच गेला होता. खाली वहिनींनी तोंडाला पदर लावला. पोरांनी पुन्हा आरोळी ठोकली, आणि या वेळी त्यांना कुणी थांबवलं नाही. मीही ओरडले. हवालदाराला शोभत नाही, पण ओरडले.

मग मी सवयीनं म्हणाले, "जोडी, रिपोर्ट."

"साहेब ठीक," मल्लिनाथ म्हणाला. "जरा दम लागलाय. हात मात्र झकास."

जाधव साहेबांनी मल्लिनाथला खालून वर न्याहाळलं. आम्ही सगळे "झूट" ऐकायच्या तयारीत. ते म्हणाले, "ठीक."

"अजून येक रिपोर्ट हाय, उस्ताद," मल्लिनाथ म्हणाला. "ऱ्हायलेला."

"दे."

तो दगडाकडे वळला, सावधानमध्ये आला. "लान्स नायक दशरथ माने. डोकं ठीक. छाती ठीक. हात-पाय ठीक. आता कुटंच दुखत न्हाय."

दशरथच्या आईनं डोळे मिटून घेतले. मी म्हणाले, "रिपोर्ट मिळाला."

आता दर रविवारी कुंभारीच्या माळावर फॉलइन झालं की पहिला रिपोर्ट दशरथचा असतो. मल्लिनाथ देतो. मग बाकीचेही देतात, ज्याचा जो जोडीदार परत आला नाही त्याचा. गेल्या हिवाळ्यापासून मीही एक देते, माझ्या बॅरकमधल्या सरोजचा. "कॉन्स्टेबल सरोज, ठीक. दुखत नाही." मल्लिनाथ म्हणतो, "रिपोर्ट मिळाला, उस्ताद." आणि आम्ही काठ्या सोडून दुर्बिणी उचलतो.