काहीही चालेल

तीस वर्षं सुरी चालवलेल्या माणसाला "मटण बंद" सांगायला छाती लागते. डॉक्टरांनी ते सांगितलं तेव्हा मटणवाले काका खाटेवर पडले होते, छातीतली कळ नुकती ओसरली होती, हाताला सलाईन होतं. तरी जीभ काही आवरली नाही. "मग डॉक्टरसाहेब, दुकानात काय भोपळे तोडू?"

"दुकानात काय हवं ते तोडा," डॉक्टर म्हणाले. "घरी मात्र भोपळाच."

काकूंनी पथ्याचा कागद घडी घालून पिशवीत ठेवला, आणि घरी येताच मोठं पातेलं माळ्यावर टाकलं. खरं तर मटणाचं वेड काकांपेक्षा काकूंनाच जास्त. नळी चोखत बसल्या की दारात कोण आलंय याचीही शुद्ध नसायची. पण त्यांनीही सोडलं.

"तू कशाला सोडतेस? तुला काय झालंय?" काका म्हणाले.

"तुमच्यासमोर नळी चोखत बसू? एवढी काही हावरट नाही मी."

काका एकदाच म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणायला हवं होतं.

भाजीपाल्याने मात्र आपलं काम चोख केलं. दुधी, पालक, गाजर, मोड आलेली कडधान्यं. वर्षभरात काकांचा पट्टा तीन भोकं आत गेला. दोन मजले चढताना मध्ये कठडा धरून उभे राहणारे काका आता एका दमात वर येऊ लागले. रक्तातली चरबी उतरली, दाब ताळ्यावर आला. आणि नव्याने शहाण्या झालेल्या माणसासारखे काका दुकानात उपदेश करायला लागले. "अर्धा किलोच न्या. आणि जाताना एक जुडी पालक घ्या. पोटात चोथा जायला हवा."

"काका, दुकान चालवताय की बंद करताय?" गिऱ्हाइकं हसायची. स्वतःच्या पायावर इतक्या आनंदाने धोंडा मारून घेणारा माणूस त्या गल्लीने पाहिला नव्हता.

काकूही उतरत होत्या. शिंप्याकडून कपडे दोनदा आत घेऊन झाले. शेजारीण म्हणाली, "तुम्हालाही मानवलं हो!" काकू हसल्या. जेवण कमी झालं तेव्हा काका म्हणाले, "हलकं खावं, तेच बरं." थकून दुपारच्या आडव्या व्हायला लागल्या तेव्हा म्हणाले, "पालक वाढव थोडा." दर तीन महिन्यांनी दोघं दवाखान्यात जायची. वजनकाट्यावर काका चढायचे, काकू फाईल धरून बाजूला उभ्या. त्यांना कुणी चढा म्हटलं नाही. त्याही कधी म्हणाल्या नाहीत, की मला बरं वाटत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

तिसऱ्या वर्षी काकू ओट्याशीच कोसळल्या. तपासण्या झाल्या. रोग पोटातला, जुना. भाजीने आणलेला नव्हता, पण एवढं वजन उतरत असताना कुणाच्या मनात शंका आली नव्हती. त्यांची मुलगी औषधं आणायला खाली गेली होती, तेवढ्यात डॉक्टरांनी काकांना आत बोलावलं.

"ऑपरेशन नको आता. घरी न्या. पथ्यपाणी काही नको, आवडेल ते खाऊ द्या. काहीही चालेल."

काकांना आकाश ठेंगणं झालं. तीन वर्षं ते स्वतःसाठी जे वाक्य ऐकायला आसुसले होते, ते बायकोच्या वाट्याला आलं होतं! पथ्य सुटलं म्हणजे माणूस बरा झाला, एवढाच त्यांचा हिशोब. काकूंना मुलीसोबत घरी धाडून ते तडक दुकानात गेले, स्वतःच्या हाताने नळ्या निवडल्या, समोरच्या गिऱ्हाइकाला थांबवून सांगितलं, "ऑपरेशनसुद्धा नको म्हणाले!" गिऱ्हाईक नुसतं त्यांच्याकडे बघत राहिलं.

घरी माळ्यावरचं पातेलं उतरलं. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाबा, डॉक्टर नेमकं काय म्हणाले?"

"काहीही चालेल म्हणाले, अगं!"

ती नळ सोडून धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला लागली.

काकांनी वाटी नेऊन काकूंच्या हातात दिली आणि तेच वाक्य पुन्हा ऐकवलं, तितक्याच हौसेने. काकू त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आणा." दोन घोट रस्सा घेतला, नळी ओठाला लावली आणि खाली ठेवली. एवढंच जमलं.

"छान झालंय."

"मग आज मीही घेतो तुझ्याबरोबर. एका दिवसाने काय होतंय!" काकांनी वाटीतली नळी उचलली.

काकूंनी त्यांचं मनगट धरलं. त्या हातात एवढी ताकद अजून असेल असं वाटलं नव्हतं.

"तुम्हाला नाही सांगितलं काहीही चालेल म्हणून. तुम्हाला पथ्य आहे. तुम्हाला अजून जगायचंय."

नळी वाटीत पडली. काका तिथेच, खाटेशी जमिनीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. काकूंनी त्यांना रडू दिलं. मग मुलीला हाक मारून दुधीची भाजी वाढून आणायला सांगितली.

काकांनी ती संपवली, एकेक घास, कारण काकू बघत होत्या.