घट्ट दूध

मुलीची बाळंतपणाची रजा संपली त्या सोमवारी तिने मला ओट्यापाशी उभं करून बाळाचं दूध बनवायला शिकवलं. बाटलीत सहाच्या रेघेपर्यंत कोमट पाणी, त्यात डब्यातला चमचा सपाट भरून तीनदा पावडर, मग हलवायचं. तिने करून दाखवलं, मग माझ्याकडून करून घेतलं.

"कळलं ना, आई? एकदम सोपं आहे."

मी मान हलवली. ती आणि जावई बससाठी बाहेर पडले. बाळ रडायला लागल्यावर मी डबा उघडला आणि वास आला. पस्तीस वर्षांनी आला, तरी लगेच ओळखला. मी दोन चमचे घातले आणि झाकण लावलं.

२००१ सालचा सप्टेंबर होता. नात तीन महिन्यांची. तिला सांभाळायलाच मला अमेरिकेत, ॲन आर्बरला बोलावलं होतं. त्याच महिन्यात ते टॉवर पडले आणि आमच्या रस्त्यावरच्या घराघराला झेंडे लागले. मुलगी म्हणाली, "बाहेर कुणी काही बोललं तर उत्तर देऊ नकोस हं." मला कुठे इंग्रजीत उत्तर देता येत होतं! मी तर फोन वाजला तरी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायची.

दिवसाची तीन दुधं माझ्या हातची. तिसरा चमचा भरला की हात डब्यावरच थांबायचा. मी तो परत आत उलटा करायची. बाळ बाटली संपवून थोड्याच वेळात पुन्हा रडायचं. मी पुन्हा करून द्यायची, तेही पातळच.

थंडी सुरू झाली तेव्हा टीव्हीवर अफगाणिस्तान दाखवायला लागले. विमानं बॉम्बही टाकत होती आणि खाण्याची पिवळी पाकिटंही. धुळीतून मुलं पळत होती. एका मुलीच्या कडेवर लहान बहीण होती. ती पाकीट उचलायला वाकली, तोच चित्र बदललं.

जावई म्हणाले, "तुमच्या लहानपणी आपल्याकडेही या अमेरिकेचंच धान्य यायचं, आई. आपण यांच्या एका युद्धावर टीका केली, तर यांच्या राष्ट्राध्यक्षांनी जहाजं अडवून धरली. थोडं थोडं सोडायचे, हात आखडून."

"दूधही?" मी विचारलं.

ते हसले. "बघा! आज पहिल्यांदा बातम्यांवर प्रश्न विचारलात. दुधाचं मला नाही माहीत, आई."

मी उठून भाजी चिरायला गेले. डोळ्यांपुढे टीव्हीवरची ती मुलगी होती. बहिणीला पाकिटातलं किती द्यायचं, हे तिला कोण सांगणार होतं?

मी चौथीत होते तेव्हा शाळेत अमेरिकेची दुधाची पावडर यायची, पुठ्ठ्याच्या पिंपांतून. पिंपावर हातात हात दिलेलं चित्र होतं. त्यातला आपला हात कुठला, यावरून आम्ही मुली भांडायचो. माझी बहीण तीन वर्षांची. तिला मी कडेवर घेऊन शाळेत जायची आणि माझ्या पेल्यातलं अर्धं तिला पाजायची. त्या वर्षी पाऊस नव्हता, घरी पेजेचं पाणी तेवढं असायचं. मग पावडर यायची थांबली. "बोट आली नाही," गुरुजी म्हणायचे. आम्ही रोज पेले घेऊन जायचो आणि तसेच परत यायचो. बहिणीचं वजन कडेवर जाणवेनासं झालं.

बऱ्याच आठवड्यांनी पिंपं आली. गुरुजींनी वहीच्या कागदात पावडर बांधून दिली आणि बजावलं, "तिला पातळ करून दे. घोट घोट दे. घट्ट नको." मी सगळी पुडी एका वाटीत कालवली. चमचा उभा राहील इतकी घट्ट. इतके दिवस तिला काही मिळालं नव्हतं, मला वाटलं आज पोटभर खाऊ दे. तिने वाटी चाटली आणि हसली. संध्याकाळी तिचं पोट बिघडलं. तिसऱ्या दिवशी ती गेली.

आईने मला काही विचारलं नाही. पुडीचा कागद मी चुलीत घातला. शाळेत पुन्हा गेले नाही.

आता जावई म्हणत होते, जहाजं कुणी तरी अडवली होती. अडवली असतील. पण दूध मी कालवलं होतं.

ऑक्टोबरच्या शेवटी बाळाला दवाखान्यात नेलं. वजन वाढायला हवं होतं तेवढं वाढलं नव्हतं.  घरी आल्यावर मुलीने कोट न काढताच ओट्यावरचा डबा उघडला.

"आई, हा डबा केव्हाच संपायला हवा होता. किती चमचे घालतेस?"

"दोन."

"तीन सांगितले होते ना मी! तुझा चहा पातळ, वरण पातळ, कधी काही बोलले का मी? पण हे बाळ आहे! ती उपाशी राहतेय, आई!"

"अगं, हळू," जावई बाहेरच्या खोलीतून म्हणाले.

"हळू काय! सोमवारपासून डे-केअरला ठेवते तिला."

तेव्हा मी सांगितलं. उभ्यानेच, ओट्याकडे बघत. गुरुजी, पुडी, वाटी, सगळं. मुलीच्या बापालाही मी हे कधी सांगितलं नव्हतं.

ती खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "म्हणजे मला मावशी होती?"

"होती."

"आई, उपासमारीने तिचं पोट आधीच गेलं असेल. तू नऊ-दहा वर्षांची होतीस गं."

"घट्ट नको, असं गुरुजींनी सांगितलं होतं," मी म्हणाले.



शनिवारी मीच मुलीला म्हटलं, "तू इथे बस. मी तीन चमचे घालते. तू बघ." तिसरा चमचा पाण्यात पडला तेव्हा तिने माझं कोपर धरलं होतं. बाळ सगळं प्यायलं आणि झोपलं. मी पाळण्याशी बसले. मुलीने चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला. तीन तासांनी बाळ उठलं, लंगोट फक्त ओला होता.

"बघ," मुलगी म्हणाली.

सोमवारी तिने डे-केअरचं नाव काढलं नाही. डबा माझ्यासमोर ठेवला, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि बससाठी गेली. मी तीन चमचे घातले. पिताना बाळ माझ्याकडे बघत होतं. बाटली संपली तसा मी तिच्या पोटावर हात ठेवला आणि ती पुन्हा भुकेने रडेपर्यंत काढला नाही.