काकूंच्या कुरडया आणि आमची गच्ची

वास्तुशांतीच्या जेवणाला बसण्याआधी यजमानाकडे इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र मागणारी बाई साऱ्या नागपुरात एकच आहे, आणि ती आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते, हे मी छाती फुगवून सांगतो. या काकूंनी एकदा सख्ख्या पुतणीचं ठरत आलेलं लग्न दोन महिने अडवून धरलं. "पोरगा सोन्यासारखा हाय, पण त्याच्या फ्लॅटचा नकाशा मंजूर हाय का?" हा त्यांचा सवाल. आमच्या इमारतीचा मंजूर नकाशा त्यांनी लॅमिनेट करून देवघरात गणपतीशेजारी टेकवून ठेवला आहे. प्रसाद घ्यायला वाकलेल्या माणसाला त्या गच्चीवर बोट ठेवून दाखवतात, "पाहून घे गा, सामाईक लिवलं हाय. सगळ्यायची."

या सगळ्याला आम्ही खुशाल हसायचो. हसू थांबलं ते बिल्डर त्या गच्चीवर चौथा मजला चढवायला निघाला तेव्हा. इमारतीला बारा वर्षं होऊनही खालची जमीन त्याच्याच नावावर होती, त्यामुळे वरचं आभाळही आपलंच असं त्याला वाटत होतं. आम्ही कोर्टात धाव घेतली. स्थगितीचा हुकूम दुपारी हातात पडणार होता, आणि विटा घेऊन मजूर सकाळीच हजर झाले.

काकू त्यांच्याही आधी वर पोहोचल्या होत्या. इमारतीतल्या साऱ्या बायकांना हाताशी घेऊन त्यांनी गव्हाच्या चिकाच्या कुरडया घातल्या होत्या, या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत. मुंगीला वाट उरली नव्हती. म्हातारा मिस्त्री दारातच चपला काढून उभा राहिला. बिल्डरचा माणूस ओरडला, "चल ना बे, काय पाहून राहिला?"

"अन्नावर पाय नाही देत साहेब मी," मिस्त्री म्हणाला. "वाळू द्या."

मग काकू एकेक कुरडई उलटत बसल्या, इतक्या सावकाश की तीन वाजता मी भर उन्हातून हुकूम घेऊन आलो तेव्हा निम्म्याच उलटून झाल्या होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "आला का गा कागद? मंग या लोकायले पानी दे. सकाळपासून उभे हायत."

गेल्या वर्षी जमीनही आम्हा सगळ्यांच्या नावावर झाली. यंदा मात्र काकूंच्या गुडघ्यांनी गच्चीच्या अठरा पायऱ्यांना साफ नकार दिला. सकाळी दारात खुर्ची टाकून बसतात आणि मी दिसलो की विचारतात, "वर काय वाळून राहिलं गा?" हल्ली कुरडया सगळेच पाकिटातल्या आणतात, लढून मिळवलेली गच्ची रिकामी तापत असते. मला ते त्यांना सांगवत नाही. म्हणून रोज आंघोळीनंतर मी आमच्या घरची एक ओली चादर वर नेऊन पसरतो, तिच्या चार कोपऱ्यांवर बिल्डरने सोडून दिलेल्या चार विटा ठेवतो, आणि खाली येऊन सांगतो, "काकू, जागा भरली हाय."