कामाचा पत्ता

दिल्लीतल्या एका कोर्टात मी प्रोबेशन अधिकारी आहे. म्हणजे नेमकं काय, ते माझ्या सासरच्यांना आजवर कळलेलं नाही; त्यांच्या मते मी पोलिसांत आहे. न्यायाधीश एखाद्याला दोषी ठरवूनही तुरुंगात न धाडता चांगल्या वागणुकीच्या हमीवर घरी सोडतात आणि त्या माणसावर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे येतं. मी त्याच्या घरी साध्या सलवार-कमीजमध्ये जायचे, चहा प्यायचे, मुलांच्या शाळेची चौकशी करायचे. शेजारपाजारच्यांना मी विमा एजंट वाटायचे, आणि त्यांना तसंच वाटू देणं हे माझं अर्धं काम होतं.

मग सुधारणा आल्या. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका थंडगार सभागृहात एका वरिष्ठांनी आम्हाला भागीदारी शिकवली. गृहस्थांनी जन्मात एकाही आरोपीच्या घरची पायरी चढलेली नव्हती. यापुढे पोलीस आणि आम्ही एकच यादी बघणार, एकच फॉर्म भरणार. उंटावरून शेळ्या हाकणं ते हेच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण त्यानंतर सामोसे होते.

नव्या फॉर्मात 'कामाचा पत्ता' असा एक रकाना होता. तो भरल्याशिवाय पुढचं पानच उघडत नसे. तेव्हा माझ्याकडे एक बाई होती. टँकरच्या रांगेतल्या भांडणात तिने शेजारणीच्या डोक्यात बादली घातली होती. त्यानंतर दीड वर्षात तिची एकही हजेरी चुकली नव्हती. द्वारकेतल्या एका सोसायटीत ती तीन घरी स्वयंपाक करायची, आणि तिथे कुणालाच कोर्टाचं काही ठाऊक नव्हतं. झाल्या गुन्ह्याचा डाग अशा माणसाच्या कपाळी राहू नये, असं कायदाच म्हणतो. मी त्याच कायद्याची अधिकारी. मी सोसायटीचं नाव, टॉवर, फ्लॅट नंबर सगळं सुवाच्य भरून दिलं.

आठवड्याभरात बीटचा हवालदार वर्दीत सोसायटीच्या गेटवर हजर झाला. कामवाल्यांचं पोलीस व्हेरिफिकेशन हा इथल्या सोसायट्यांचा आवडता सण आहे. आत राहणाऱ्या साहेबलोकांचं कुणी करत नाही. त्याने गार्डच्या देखत सेक्रेटरीला यादी दाखवली. दुपारी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिचा फोटो फिरला, आणि संध्याकाळी तिचा गेटपास रद्द झाला.

मी हवालदाराला फोन केला.

"अरे मॅडम, अड्रेस तो आप ही ने डाला है," तो खुशीत म्हणाला. "पार्टनरशिप है ना!"

गेटचा फोटो अपलोड करून त्याने 'भेट पूर्ण' अशी नोंदही केली होती. मला त्याचा भयंकर राग आला. पण सगळ्या प्रकारात सांगितलेलं काम चोख करणारा तो आणि मी, असे दोघंच होतो.

घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अच्छा, म्हणजे पोलीस तूच पाठवलेस की यार." मी त्याला नाही नाही ते बोलले.

पुढच्या हजेरीला ती आली. गुरुग्रामला दुसरं काम मिळालंय, एवढंच म्हणाली. मी सवयीने पत्ता विचारला.

"नहीं बताऊँगी मॅडम. पिछली बार आपको बताया था."

पत्ता लपवणं म्हणजे अटीचा भंग. मी कोर्टाला तसं कळवलं असतं, तर हमी रद्द होऊन ती तुरुंगात गेली असती. तिला ते पक्कं माहीत होतं, तरी ती माझ्याकडे सरळ बघत बसली. मला स्वतःची किळस आली. मी रकान्यात 'बेरोजगार' असं लिहिलं. पुढचं पान उघडलं. माहिती खरी असल्याच्या ओळीखाली मी सही केली. इतक्या वर्षांच्या नोकरीत असा अहवाल मी पहिल्यांदाच देत होते.

"क्या लिखा?" तिने विचारलं.

"काम नहीं है."

"ये भी पुलिसवाले देखेंगे?"

"देखेंगे."

"फिर ठीक है," ती म्हणाली, आणि पिशवी उचलून कामाला निघून गेली.