मेलेल्या माणसाला दिलेला शब्द

वेंडेल प्रूइटइतका कमी बोलणारा वकील केंटकीच्या डोंगरात दुसरा झाला नसेल. मी त्याच्या ऑफिसात टायपिस्ट होते. तोंडावर मिस्टर प्रूइट म्हणायची, पाठीमागे नुसतं वेंडेल. छातीत कोळशाची धूळ भरलेले खाणकामगार खोकत खोकत जिना चढायचे, आणि तो खाणकंपनीशी भांडून त्यांना पेन्शन मिळवून द्यायचा. एकदा हो म्हणाला की विषय संपला. याच भांडवलावर लोकांनी त्याला राज्याच्या सिनेटमध्ये पाठवलं.

पाठवलं ते मुख्यतः एका कामासाठी. आमचं इस्पितळ बंद पडायला आलं होतं. सरकारी मदतीचं बिल मंजूर झालं तरच ते टिकणार होतं. नाहीतर दुसरं इस्पितळ डोंगर ओलांडून पलीकडे, तासाभराचा वळणावळणांचा रस्ता.

सिनेटमध्ये एक जुनी रीत होती. एखादा सभासद आजारी पडला, की विरुद्ध बाजूचा एकजण मत न देण्याचा शब्द देतो. म्हणजे दोन्हीकडचं एकेक मत कमी, कुणाचंच नुकसान नाही. कागद नाही, सही नाही. होल्डन क्रॉस हा बिलाच्या विरोधातला म्हातारा कर्करोगाने अंथरुणाला खिळला होता. त्याने फोन केला आणि वेंडेलने शब्द दिला.

मतदानाच्या दिवशी सकाळीच म्हातारा गेला.

आमच्या बाजूचे सगळे वेंडेलच्या मागे लागले. माणूसच उरला नाही तर शब्द कुणाला दिलेला, असं त्याला परोपरीने समजावलं. खुद्द क्रॉसच्या पक्षातल्या एकानेही, तू मोकळा आहेस, असं सांगितलं म्हणे. वेंडेल हाताची घडी घालून बसून राहिला. मतं समसमान पडली, आणि समसमान म्हणजे बिल नामंजूर. नाताळाच्या आधी इस्पितळाला कुलूप लागलं.

पुढच्या निवडणुकीत लोकांनी त्याला घरी बसवलं. तो पुन्हा ऑफिसात येऊ लागला, पण जिना कुणी चढेना. न्हाव्याच्या दुकानात तो शिरला की गप्पा थांबायच्या. मी मात्र टिकून राहिले. नवरा चिडायचा, "अगं, त्या पुतळ्याची धूळ झटकायला जातेस का?" मी म्हणायची, वेंडेललाही पस्तावा होत असणार, बोलून दाखवत नाही इतकंच.

फेब्रुवारीत माझ्या नवऱ्याच्या, क्लाइडच्या, छातीत कळ आली. ॲम्ब्युलन्स घाट चढत असतानाच त्याने माझा हात सोडला.

दफनानंतर बायकांनी आणलेल्या जेवणाने घर भरलं होतं. वेंडेल भाजलेल्या हॅमचं ताट घेऊन आला आणि टोपी काखेत धरून दाराशीच उभा राहिला. मला राहवलं नाही.

"मिस्टर प्रूइट, तो दिवस पुन्हा आला तर तुम्ही मत द्याल?"

डोळे भरले होते त्याचे, ते मी पाहिलं.

"नाही, अल्मा."

नुसतं हो म्हणाला असता तर काय बिघडलं असतं? खोटं आहे हे मला कळलं असतं, तरी मी ते घेतलं असतं आणि सोमवारी कामावर गेले असते. मी त्याच्या हातातलं ताट घेतलं नाही. शेवटी तोच ते पायरीवर ठेवून निघून गेला.