शेवटच्या डब्यातले भावोजी

ताईचं लग्न ठरलं त्याच आठवड्यात आमच्या थोरल्या काकांनी नव्या जावयाला 'शेवटचा डबा' असं नाव ठेवलं, आणि ते त्यांना जन्मभर चिकटलं. भावोजी मालगाडीवर गार्ड होते. मालगाडीचा गार्ड म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. गाडीच्या अगदी शेपटाला एक बुटका डबा असायचा, दोन्ही बाजूंना व्हरांडा असलेला. त्यात एक खुर्ची, एक कंदील, हाताने फिरवायच्या ब्रेकचं चाक आणि एक माणूस. इंजिनात दोघं असतात, ती दोघं गप्पा मारतात, गप्पा नसतील तर भांडतात तरी. मध्ये कोळसा, सिमेंट, नाहीतर गव्हाची पोती. आणि सगळ्यांच्या मागे आमचे भावोजी.

माणूसही तसाच. लग्नसमारंभात शेवटच्या रांगेत, फोटोत कडेला, जेवायला सगळी मंडळी उठल्यावर. मी त्यांची टिंगल करायचो. मेहुण्याचा तो हक्कच असतो आणि मी हक्क सोडणाऱ्यांतला नाही. "काय भावोजी, आज सिग्नल मिळाला वाटतं?" असं म्हटलं की ते नुसते हसायचे. माझा धंदा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. शिडीवर उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस केल्याशिवाय माझा ब्रश चालत नाही. असल्या मुखदुर्बळ माणसाशी माझ्या ताईनं संसार कसा केला, हे मला कोडंच होतं.

एका जागी मात्र त्यांचं तोंड उघडायचं. कामावरून आले, हातपाय धुतले, की पोरगी मांडीवर येऊन बसायची आणि म्हणायची, "बाबा, आज डब्यात कोण चढलं?" मग सुरू. एकदा म्हणे एक शेळी चढली आणि काही केल्या उतरेना, पुढच्या स्टेशनच्या मास्तरांनी तिच्याकडे तिकीट मागितलं. एक कावळा रोज ठरल्या सिग्नलपाशी गाडीची वाट बघायचा आणि गाडी उशिरा आली की ओरडून जाब विचारायचा. एक म्हातारा सरळ खुर्चीत येऊन बसला आणि भावोजींनाच म्हणाला, जरा सरकून घ्या. पोरगी हसून हसून लोळायची. मीही कप हातात धरून ऐकत बसायचो, चहा निवून जायचा. रुक्ष माणसाच्या पोटात एवढा खजिना कुठून आला, असं वाटायचं. पोरगी तर वर्गात सांगत फिरायची की माझ्या बाबांचा डबा म्हणजे जगातली सगळ्यात मजेची जागा आहे.

भावोजी निवृत्त झाले. आता दोघं निवांत बसणार म्हणून ताईनं गॅलरीत दोन खुर्च्या मांडल्या. वर्ष सरायच्या आत ताई गेली. एक खुर्ची कुणी हलवली नाही आणि दुसरीत कुणी बसलं नाही.

उरले बाप आणि लेक. भाचीनं लग्न केलं नाही. का केलं नाही ते विचारायची माझी हिंमत नाही, आणि मी काही भित्रा नाही. ती घरच्या स्वयंपाकघरात पाव, केक, बिस्किटं करायची आणि आसपासच्या ऑफिसांना, दुकानांना पुरवायची. ताई गेल्यावर भावोजींनी एक स्टूल ओढून त्या स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलं. सकाळी ती पीठ मळायला लागली की हे स्टुलावर. मैदा चाळून दे, खोक्यांना दोरा बांध, एवढंच काम. बाकी वेळ तिच्याकडे बघत बसायचं. दोघंही एकाच माळेचे मणी, बोलायचं नाव नाही. मी गेलो की घरातलं सगळं बोलणं मलाच एकट्याला ओढावं लागायचं.

स्वयंपाकघर पुरेना, तेव्हा भाचीनं दुकान काढायचं मनावर घेतलं. जुन्या मालधक्क्यासमोरच्या कोपऱ्यावर तिला एक मोकळी जागा मिळाली. तिथे बांधकामाला परवानगी नव्हती, पण चाकावरचं काही उभं केलं तर चालणार होतं. तोवर मालगाड्यांना गार्डचे डबे जोडणं बंद होत आलं होतं. त्यांच्या जागी गाडीच्या मागे एक दिवा लावतात म्हणे, माणसाची गरज नाही. रिकामे डबे यार्डात गवतात उभे होते, भंगारात निघायचे. भाची एक दिवस माझ्याकडे आली. मी एका औषधाच्या दुकानाची पाटी रंगवत होतो.

"मामा, खाली उतरा. एक गुपित आहे."

तिनं त्यातला एक डबा विकत घेतला होता. आत टेबलं टाकायची, लोकांनी बसून चहा-कॉफी प्यायची, केक खायचा. भट्टी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. ती शेडमध्ये राबणार, हाताखाली माणसं ठेवणार. आणि डब्यातली गार्डची खुर्ची तशीच ठेवायची, खिडकीपाशी, बाबांसाठी.

"बाबा दिवसभर स्टुलावर बसून नुसते बघत असतात, मामा. त्यांचं मन कशातच नाही. आई नाही, गाडी नाही. मला बघवत नाही. आता डब्यात बसतील, गिऱ्हाइकांना गोष्टी सांगतील. त्यांचं त्यांना परत मिळेल."

मी म्हणालो, वा. याला म्हणतात डोकं. पाटी मी फुकट रंगवतो. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं, आणि आम्ही दोघंही उंटावर बसलो होतो.

तिनं भावोजींना सांगितलं तेव्हा मी तिथं होतो. ते दोरा बांधत होते. हात थांबले. "छान," ते म्हणाले आणि पुन्हा दोरा बांधायला लागले. ती गाठ काही त्यांना नीट बसेना. भाचीनं माझ्याकडे बघून डोळे पुसले. आनंदानं माणसाचे शब्द आटले, असं आम्ही परस्पर ठरवून टाकलं.

डबा उचलायच्या दिवशी सकाळी आम्ही यार्डात गेलो. रुळांत कमरेएवढं गवत वाढलं होतं. डब्याचा रंग उडून आतलं लोखंड वर आलं होतं. बाजूला लांब ट्रेलर उभा होता, आणि त्याच्यापलीकडे क्रेन. क्रेनचा ड्रायव्हर उंच केबिनमध्ये बसला होता, खाली त्याचा खलाशी डब्याखालून जाड पट्टे ओढून हुकात अडकवत होता. आणखी चारदोन रिकामटेकडे होतेच, ते कुठंही असतात.

भाचीनं घरून एक पिशवी आणली होती. त्यातून तिनं भावोजींचे झेंडे काढले, लाल आणि हिरवा, इस्त्री केलेले. गार्डनं हिरवा झेंडा दाखवल्याशिवाय गाडी हलायची नाही, हा नियम. मग आजही बाबांनीच हिरवा दाखवायचा, असं तिच्या मनानं घेतलं होतं. क्रेनवाल्याला गंमत वाटली. तो वरून ओरडला, "आजोबा, तुम्ही झेंडा दाखवा, मी उचलतो!"

भावोजी डब्यापासून थोडं दूर जाऊन उभे राहिले. पट्टे ताणले गेले. खलाशानं अंगठा वर केला. भाची हात जोडून, श्वास रोखून उभी. भावोजींनी हात वर केला. झेंडा लाल होता.

क्रेनवाला थांबला. त्यानं खलाशाला हाक मारली. खलाशी डब्याखाली वाकला, पट्टे चाचपले, हुक बघितला, आणि म्हणाला, सगळं बरोबर आहे. पुन्हा पट्टे ताणले. पुन्हा अंगठा. पुन्हा लाल.

मी लगबगीनं त्यांच्याजवळ गेलो आणि दबक्या आवाजात म्हणालो, "भावोजी, चुकून लाल धरलाय तुम्ही."

"चुकून नाही, मेहुणे."

तोवर भाची धावत आली. "बाबा, काय झालं? पट्टा सरकतोय का?"

"पट्टे ठीक आहेत."

"मग?"

भावोजी डब्याकडे बघत होते. "मला त्यात बसवू नकोस," ते म्हणाले.

ती हसली. तिला वाटलं, जुन्या आठवणींनी मन भरून आलंय. "अहो बाबा, तुमचाच डबा आहे. तुमची खुर्ची, तुमची खिडकी. तुमची शेळी चढायची तोच."

"शेळी कधी चढली नाही."

"म्हणजे?"

"शेळी नाही, कावळा नाही, म्हातारा नाही. तिथं कुणी यायचं नाही गं. मी वाटेत जुळवायचो. घरी आलो की तू विचारणार, कोण चढलं. तुला काय सांगू? सकाळपासून एकटा बसलो होतो, असं सांगू? मागे पळणारे रूळ बघत होतो? गाडी आडबाजूच्या रुळावर टाकायचे आणि विसरायचे. दिवसच्या दिवस. पुढे इंजिनातला माणूससुद्धा दिसायचा नाही, एवढी लांब गाडी. मी तुझं नाव मोठ्यानं घ्यायचो. नुसतं आपलं कुणीतरी काहीतरी बोलावं म्हणून."

स्वतःबद्दल एवढं बोलताना मी त्या माणसाला आयुष्यात ऐकलं नव्हतं. मी तिथून हलायला हवं होतं, पण पाय उचलेना.

"मला वाटलं तुम्हाला आवडायचं," भाची म्हणाली.

"तुला तसं वाटावं म्हणूनच सांगायचो."

"मग आठवडाभर छान छान काय म्हणत होता? एका शब्दानं बोलायचं ना!"

"तू किती खुशीत होतीस."

ती चिडली. तिचं रडू आधी रागात बाहेर येतं, माझ्या ताईसारखंच. "मी हे सगळं तुमच्यासाठी केलं, बाबा! घरात तुम्हाला करमत नाही म्हणून. दिवसभर स्टुलावर बसता, बोलत नाही, चालत नाही, नुसतं माझ्याकडे बघत बसता..."

"बघत बसायलाच तर घरी आलो होतो," भावोजी म्हणाले.

वरून क्रेनवाला ओरडला, "ताई, उचलायचं का नाही? मला पुढचं काम आहे!" तिनं ओढणीनं तोंड पुसलं आणि त्याच्याकडे वळून हात हलवला. नको. राहू दे. ने तुझी क्रेन.

भावोजींनी तिचा हात खाली ओढला. "वेडी आहेस का तू? डबा ने. रंग दे. माणसांनी भरून टाक. पोरं येऊ देत, आरडाओरडा होऊ दे त्यात. मला फक्त तिथं बसवू नकोस. तू जिथं काम करशील तिथं मला बसू दे."

"शेडमध्ये? भट्टीपाशी? तिथं उकाडा असतो बाबा. जागा पण नाही."

"मी कडेला बसेन."

"कडेला नाही," ती म्हणाली. "मध्येच बसा. माणसं जातील वळसा घालून."

यावर बाप-लेक एकमेकांच्या गळ्यात पडली असं लिहिता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ती त्यातली नव्हेत. भावोजींनी हिरवा झेंडा माझ्या हातात दिला. "मेहुणे, तुम्ही दाखवा," ते म्हणाले, "तुम्हाला हौस आहे." मी झेंडा धरला. काहीतरी विनोद करावा म्हणून तोंड उघडलं, आणि काही सुचलं नाही. मी हात वर केला.

क्रेन गुरगुरली. जमलेले सगळे माना वर करून बघायला लागले. भावोजींनी मात्र डब्याकडे पाठ फिरवली आणि लेकीच्या समोर उभे राहिले.

"बाबा, बघा तरी."

"नको. तू सांग."

"काय सांगू?"

"आहे तेच सांग. जुळवू नकोस."

तिनं त्यांच्या खांद्यावरून बघितलं. "पट्टे ताणलेत," ती म्हणाली. "आता चाकं सुटली रुळावरून. हळूहळू वर चाललाय. चाकांना गवत अडकलंय, तेही वर चाललंय. खाली जिथं उभा होता तिथं सगळं पिवळं पडलंय. आता थोडा फिरतोय. खलाशी दोरीनं धरतोय त्याला. वाऱ्यानं मागचं दार उघडलं." ती थांबली.

"आत काय आहे?"

"ऊन आलंय आत. खुर्ची दिसतेय. कुणी नाहीये, बाबा."

"नसायचंच," भावोजी म्हणाले.